आधी ‘मी’, मग प्रभू?

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील विश्वासणाऱ्यांच्या एकत्र सभेत दिलेला संदेश)



तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल शेवटल्या काळातील कठीण दिवसांविषयी सांगतो. तेथे तो माणसांच्या दोषांची एक मोठी यादी देतो. त्या यादीत पहिला दोष खून नाही, चोरीही नाही. माणूस स्वतःवरच प्रेम करू लागतो, हा पहिला दोष आहे. त्याच्या पाठोपाठ पैशाचा लोभ येतो, मग गर्व, आईबापांचा अवमान, कृतघ्नपणा. आणि यादीच्या शेवटी कोण येतात? भक्तीचे बाहेरचे रूप सांभाळणारे, पण तिचे सामर्थ्य नाकारणारे लोक. म्हणजे पौल जगाकडे बोट दाखवून थांबत नाही. ही यादी मंडळीच्या बाकापर्यंत येऊन पोहोचते. म्हणून आज आपण ‘आजची तरुण पिढी’ किंवा ‘मोबाईलचे युग’ यांच्यावर बोलणार नाही. आपण आपल्यावर बोलणार आहोत.

आपल्या तीन शहरांचे जीवन मला ठाऊक आहे. पहाटे पाचला डबा, सहाची लोकल, संध्याकाळी परत तीच गर्दी. फ्लॅटचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, म्हाताऱ्या आईची औषधे. दमलेल्या माणसाने रविवारी थोडी विश्रांती घेतली तर ते पाप नाही. मुलांचे भले चिंतणे हेही पाप नाही. प्रभूने शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्यास सांगितले, तेव्हा स्वतःचा द्वेष करा असे सांगितले नाही. प्रश्न वेगळा आहे. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट देण्याची आपली रीत आहे. तिघे जण थोडे थोडे सरकतात आणि उभ्या माणसाला टेकायला जागा होते. स्वकेंद्रित जीवन म्हणजे न सरकणे. जागा असते, पण आपण सरकत नाही.

हा स्वभाव विश्वासात कसा शिरतो ते पाहा. लूक १२ मध्ये प्रभू एका श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगतो. त्याचे पीक उत्तम आले. त्याने कोणाला लुबाडले असे तेथे म्हटलेले नाही. पण त्याचे सगळे बोलणे स्वतःशीच चालते. कोठारे माझी, धान्य माझे, जीवही माझाच. देवाचा उल्लेख नाही आणि ज्यांनी कापणी केली त्या मजुरांचाही नाही. आता आपल्या प्रार्थना आठवा. माझी नोकरी, माझा व्हिसा, माझे आजारपण, माझ्या मुलाचा प्रवेश. हे सर्व प्रभूसमोर ठेवलेच पाहिजे. परंतु महिनोन्महिने आपल्या प्रार्थनेत आपल्या कुटुंबाबाहेरच्या एकाही माणसाचे नाव येत नसेल, तर आपण त्या शेतकऱ्यापासून फार दूर नाही.

मग उपासनाही बदलते. ‘प्रभूला आज काय अर्पण केले?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘आज मला काय मिळाले?’ हा पुढे येतो. गाणी आवडली का, संदेश लांबला का, हॉलमध्ये पंखा होता का, यावर मंडळी तोलली जाते. नाही आवडली तर दुसरी. बाजारात ग्राहकाला हा हक्क आहे. पण शरीराचा अवयव ग्राहक नसतो. हात ‘मला या शरीरात काही मिळत नाही’ म्हणून निघून जात नाही.

आता सुवार्तेविषयी. स्वकेंद्रित वृत्ती सुवार्तेचे दोन प्रकारे नुकसान करते.

पहिला प्रकार गप्प बसण्याचा. ‘ज्याचा त्याचा विश्वास, आपण कशाला बोला?’ असे आपण म्हणतो आणि त्याला समंजसपणा समजतो. कधी तो समंजसपणा असतोही. पण पुष्कळदा आपल्याला शेजाऱ्याची नव्हे, आपल्या प्रतिष्ठेची काळजी असते. सोसायटीत लोक काय म्हणतील, ही ती काळजी.

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे, कारण तो सेवेसारखा दिसतो. आपण जातो, बोलतो, वाटपही करतो, पण मधोमध आपणच असतो. आपल्या भागातील कातकरी बांधवांचे उदाहरण घेऊ. अंबरनाथ, मुरबाड, कर्जत या तालुक्यांत त्यांच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती शासनाने सर्वांत असुरक्षित मानल्या, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत कातकरी आहेत. खैराच्या झाडापासून कात करणारे म्हणून त्यांना कातकरी हे नाव पडले. तो धंदा गेला. आज अनेक कुटुंबे बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलेही सोबत जातात, म्हणून शाळा सुटते. त्या भट्ट्यांवर भाजलेली वीट शहरांच्या इमारतींना येते.

आता सांगा, आपण वाडीवर कधी जातो? नाताळात. डिसेंबर महिना आपल्या सोयीचा आहे. सुट्टी असते, हवा छान असते, मन आनंदी असते. पण नेमक्या त्या दिवसांत वाडीतील कितीतरी झोपड्यांना कूड लावलेला असतो आणि मागे म्हातारी माणसे उरलेली असतात. ब्लँकेट वाटले जाते, फोटो निघतो, आपले समाधान होते. ज्या कुटुंबासाठी आपण गेलो ते तेव्हा भट्टीवर विटा थापत असते. देणे चुकीचे नाही, म्हाताऱ्यांना थंडी वाजतेच. पण आपण त्यांच्या दिनदर्शिकेप्रमाणे गेलो की आपल्या, हा प्रश्न विचारावाच लागेल. त्यांच्या अडचणीचे दिवस जुलै-ऑगस्टचे. भट्टीची कमाई संपलेली असते आणि चिखलात वाट तुटलेली असते. तेव्हा आपल्यापैकी किती जण तेथे पोहोचतात?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २५ प्रमाणे सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. विश्वासणाऱ्याला ही गोष्ट जड वाटू नये. हृदय बदलणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, आपले नव्हे. तांदळाच्या पिशवीला प्रार्थनेची अट जोडली, तर ती पिशवी दान राहत नाही, सौदा होतो. आणि अहवालात आकडा मोठा दिसावा म्हणून माणसे मोजली, तर ती सेवाही आपल्या ‘मी’चीच झाली. आपण मदत करावी ती गरज आहे म्हणून. आपण साक्ष द्यावी ती प्रभू खरा आहे म्हणून. दोन्ही कामे मोकळ्या मनाने करावीत आणि उत्तर देण्याचे स्वातंत्र्य समोरच्याकडे राहू द्यावे.

आपल्या महाराष्ट्राने याचा एक मोठा धडा पाहिला आहे. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. संस्कृतच्या त्या विदुषी होत्या. त्या विद्येवर त्यांना आयुष्यभर मान मिळाला असता. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. पुढे त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला दिली. आणि ते कोणत्या मराठीत? पंडितांच्या नव्हे, कमी शिकलेल्या साध्या स्त्रीला कळेल अशा मराठीत. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या.

येथे लक्षात घेण्यासारखे काय आहे? रमाबाईंनी आपली विद्या टाकून दिली नाही. त्यांनी ती मधोमधून बाजूला सरकवली आणि ऐकणाऱ्या बाईला मध्ये बसवले. आपणही कातकरी वाडीवर जातो तेव्हा पुस्तकी मराठीत बोलतो. त्यांची स्वतःची बोली आहे. ती ऐकायला आपण किती वेळ बसलो?

आपल्याच भागात घडलेली एक घटना आठवा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. एनडीआरएफचे जवान आणि नौदल धावून आले, आसपासच्या गावांतील लोकही मदतीला उभे राहिले आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर पडले. गाडीतला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे बोटीत घेताना कोणी विचारले नाही. पूर ओसरल्यावर आमच्या सोयीने येऊ, असेही कोणी म्हटले नाही. ज्या घडीला गरज होती त्या घडीला लोक पाण्यात उतरले. चांगल्या शोमरोन्याचा दाखला यापेक्षा वेगळा काय सांगतो? तोही प्रवासातच होता, त्यालाही काम होते. तो थांबला.

प्रियांनो, आता या संदेशातून घरी काय घेऊन जावे? मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, प्रत्येक कुटुंबाने एका वाडीतील एका कुटुंबाशी ओळख करून घ्यावी. नावाने. त्यांच्या मुलांची नावे घरच्या प्रार्थनेत घ्यावीत. ज्याचे नाव आपण रोज देवासमोर घेतो, त्याला आपण केवळ ‘गरीब’ म्हणू शकत नाही.

दुसरी, वर्षातील एक भेट पावसाळ्यात करावी. जून महिन्यात कुटुंबे परत आलेली असतात. तेव्हा मुलांना पुन्हा शाळेत बसवण्यासाठी पालकांबरोबर शाळेत जावे. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला यांच्यासाठी तहसील कार्यालयात कोणीतरी सोबत लागते. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी कातकरींसारख्या जमातींसाठी केंद्राची पीएम जनमन योजना सुरू झाली, पण कागद नसेल तर अशी योजना दारापर्यंत येत नाही. बँकेत, कारखान्यात, सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना अर्ज कसा भरायचा हे ठाऊक आहे. हेच त्यांचे कृपादान समजावे. त्यासाठी एक रजा खर्च होईल. होऊ द्या.

तिसरी, फोटो काढण्याआधी विचारावे आणि पुष्कळदा काढूच नये. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण मोबाईल हातात असतानाही लागू आहे.

मग सुवार्ता केव्हा सांगावी, असे कोणी विचारील. जो वारंवार येतो, जो नाव विसरत नाही, जो काही मागत नाही, त्याला लोक एके दिवशी स्वतःहून विचारतात, ‘दादा, तुम्ही आमच्याकडे का येता?’ त्या दिवशी तोंड उघडा, भीड बाळगू नका. येशूचे नाव घ्या आणि आपल्याला त्याने कसे सोडवले ते साध्या शब्दांत सांगा. प्रेषित पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच शिकवले आहे. आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यायला तयार असावे. विचारणारा कोणी नसेल, तर आपल्या जीवनात विचारण्यासारखे काय आहे, ते आधी तपासावे.

आपला प्रभू स्वर्गाचे वैभव घट्ट धरून बसला नाही. तो आपल्यासाठी सरकला, खाली आला, आपल्यामध्ये राहिला, वधस्तंभापर्यंत गेला. त्याच्या मागे जाणाऱ्याने स्वतःला नाकारावे असे त्याने सांगितले. या पावसाळ्यात ते आपल्या पायांनी करून दाखवण्याची कृपा तो आपणा सर्वांना देवो.

आमेन.