नवी प्रणाली आणि हातांची जुनी ओळख

ज्या घरांत संगणक आहे तेथें केव्हां ना केव्हां हा प्रसंग घडलेला असतो. परगांवीं असलेला मुलगा सुटींत येतो, संगणकावरील जुनी प्रणाली काढून नवी बसवून देतो आणि परत जातो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वडील टपाल पाहावयास बसतात. यंत्र तेंच, मेज तेंच, पडदाही तोच. परंतु हात ज्या जागीं आपोआप जातो त्या जागीं कांहीं नसतें. पडदा पूर्वींपेक्षां देखणा झालेला असतो, अक्षरें अधिक स्वच्छ उमटतात, आणि तरीही दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागतो. घरांतील तरुण मंडळी हा वयाचा दोष समजतात. तो समज जरा तपासून पाहण्यासारखा आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, स्वतः कोणतेंच पत्र लिहीत नाहीं कीं कोणताच हिशेब करीत नाहीं. तीं कामें करणारे कार्यक्रम निराळे. त्या सर्वांना पडद्यावर जागा देणें, यंत्राच्या स्मृतीची वांटणी करणें, कागदपत्रें ठरल्या खणांत ठेवणें व मागतांच काढून देणें ही प्रणालीची कामगिरी. चांगल्या कारभाऱ्याप्रमाणें ती आहे हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. लक्षांत येतें तें कारभारी बदलल्यावर.

रोज संगणक चालविणाऱ्या माणसाचें त्याविषयींचें ज्ञान डोक्यांत थोडें आणि हातांत फार असतें. पेटी वाजविणाऱ्याला अमुक सुराची पट्टी कितवी असें विचारलें तर तो क्षणभर घुटमळतो. त्याचीं बोटें घुटमळत नाहींत. पेटीचा रंग बदलला तर त्याचें कांहीं अडत नाहीं. पट्ट्या थोड्या अरुंद झाल्या तर पंधरवड्यांत बोटें नवें अंतर शिकतात. परंतु मधला एखादा स्वरच काढून टाकला तर कितीही सराव केला तरी तो पेटींतून निघावयाचा नाहीं. नव्या प्रणालीविषयींच्या तक्रारींत ह्या सगळ्यांची सरमिसळ होते, आणि म्हणून ज्याचा स्वर गेला त्यालाही रंग बदललेल्याचेंच उत्तर मिळतें: सवय होईल.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांना १९९५ सालचें विंडोज आठवत असेल. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं तें विक्रीस आलें, आणि पडद्याच्या डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यांत ‘स्टार्ट’ असें लिहिलेलें एक बटण अवतरलें. यंत्रावरील कार्यक्रम त्या एका बटणाखालीं यादीनें मिळत. यंत्र बंद करावयाचें तरी ‘स्टार्ट’च दाबावें लागे, ह्याची तेव्हां बरीच थट्टा झाली, पण लोक तें शिकले, आणि पुढें सतरा वर्षें तो कोपरा कचेऱ्याकचेऱ्यांतून व घराघरांतून माणसांच्या मनगटांत मुरला. २६ ऑक्टोबर २०१२ रोजीं विंडोजची आठवी आवृत्ति निघाली, तेव्हां त्या कोपऱ्यांत बटण नव्हतें.

तो काळ बोटानें चालविण्याच्या टॅब्लेटचा होता. आयपॅड २०१० सालीं आला होता, आणि मेजावरचा संगणक आतां मागें पडणार ह्या धास्तीनें एकच प्रणाली दोन्ही ठिकाणीं चालावी असा बेत आंखला गेला. यंत्र सुरू होतांच रंगीबेरंगी चौकटींनीं सारा पडदा भरून जाई. ओळखीचें जुनें दृश्य त्यांपैकीं एका चौकटीच्या मागें गेलें होतें. यंत्र बंद करण्यासाठीं माउसचा बाण उजव्या कोपऱ्यांत न्यावयाचा, तेथें दडलेली एक पट्टी बाहेर येई, तींतून ‘सेटिंग्ज’, त्यांतून ‘पॉवर’, आणि मग कोठें बंद. पट्टी तेथें आहे असें सांगणारी खूण पडद्यावर नव्हती. यंत्र चालू कसें करावें असें विचारणारा नवशिका समजला जातो. त्या वर्षीं मुरलेलीं माणसें तें बंद कसें करावें हें एकमेकांना विचारीत होतीं.

कंपनीनें आपल्या निर्णयाचें समर्थन आंकड्यांनीं केलें होतें. लोकांच्या यंत्रांवरून गोळा होणाऱ्या नोंदींप्रमाणें स्टार्ट-बटणाखालच्या यादीचा वापर घटत होता, आणि नेहमीचे कार्यक्रम लोक खालच्या पट्टीवरच टांचून ठेवीत होते. नोंद खोटी नव्हती. परंतु नेहमीचे चार कार्यक्रम पट्टीवर ठेवणारा माणूस पांचव्यासाठीं त्या यादीकडेच जात असे, आणि पांचव्याची गरज त्याला नेमकी घाईच्या वेळीं पडत असे. ऑक्टोबर २०१३ मध्यें ८.१ ह्या सुधारित आवृत्तींत बटण परत आलें. पण तें दाबलें कीं जुनी यादी न उघडतां त्याच रंगीत चौकटी उघडत! दार मागणाऱ्याला भिंतीवर दार रंगवून देण्याचाच तो प्रकार. यादी परत यावयास २९ जुलै २०१५ उजाडला, आणि त्या आवृत्तीला नऊ हा आंकडा गाळून एकदम दहावी म्हणण्यांत आलें. मधल्या काळांत ‘क्लासिक शेल’सारख्या, बाहेरच्या माणसांनीं लिहिलेल्या कार्यक्रमांवर लोकांनीं वेळ निभावून नेली.

एवढें झाल्यावर पुढची आवृत्ति जपून काढली जाईल अशी अपेक्षा साहजिक होती. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं अकरावी आवृत्ति आली. ह्या खेपेस स्टार्ट-बटण होतें. कोपऱ्यांतून मध्यभागीं सरकलेलें, पण पुन्हां कोपऱ्यांत नेतां येणारें. गेलें होतें तें खालच्या पट्टीचें, म्हणजे टास्कबारचें, बरेंचसें कर्तृत्व. ही पट्टी जुनीची डागडुजी नव्हती. ती बहुतांशीं नव्यानें लिहिलेली होती, आणि तसें लिहितांना पंचवीस वर्षांत एकेक करून सांठलेल्या सोयी मागें राहिल्या.

१९९५ पासून ही पट्टी पडद्याच्या चारही कडांपैकीं कोणत्याही कडेला नेतां येत असे. आतां ती खालीं खिळली गेली. आजकालचे पडदे रुंद व बुटके असतात. लिहिण्यावाचण्याच्या कामांत त्यांची रुंदी रिकामी राहते आणि उंची अपुरी पडते. म्हणून भाषांतर करणारे, मुद्रितें तपासणारे, लांबलचक दस्तऐवज वाचणारे असे कित्येकजण पट्टी डाव्या कडेला उभी लावून एकदोन ओळी अधिक दिसतील अशी व्यवस्था करून घेत. एकदोन ओळी म्हणजे काय मोठेंसें, असें वाटेल. दिवसाचे आठ तास मजकूर वर-खालीं सरकविणाऱ्याला तसें वाटत नाहीं.

हिशेबनिसाची अडचण निराळी. त्याच्यापुढें एकाच कार्यक्रमाचे सहा तक्ते उघडे असतात. जुन्या पट्टीवर प्रत्येकाचें नांव वेगळें दिसेल अशी योजना करतां येई. नव्या पट्टीनें सहांची मोट बांधून एकच चिन्ह ठेवलें. हवा तो तक्ता काढावयाचा तर चिन्हावर बाण न्यावा, छोटीं चित्रें उघडण्याची वाट पाहावी, आणि त्यांतून तो ओळखावा. जानेवारीचा तक्ता आणि फेब्रुवारीचा तक्ता नखाएवढ्या चित्रांत सारखेच दिसतात. येथें जातो तो केवळ वेळ नव्हे. एखादे दिवशीं आंकडा भलत्या तक्त्यांत पडतो, आणि तें वर्षअखेरीपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ह्यांतील कांहीं सोयी पुढें हप्त्याहप्त्यानें परत मिळाल्या. कागद ओढून पट्टीवरील कार्यक्रमाच्या चिन्हावर नेण्याची सोय २०२२ मध्यें आली; नांवें निरनिराळीं दाखविण्याची २०२३ मध्यें; पट्टीवरील घड्याळांत सेकंद दाखविण्याचीही २०२३ मध्येंच. पट्टी कडेला उभी करण्याची सोय मात्र २०२५ संपेपर्यंत परत आलेली नव्हती. एप्रिल २०२२ मध्यें ह्याविषयीं विचारणा झाली तेव्हां कंपनीच्या लोकांनीं सांगितलें कीं, पट्टी हलली म्हणजे इतर सर्व कार्यक्रमांना आपली मांडणी बदलावी लागते, हें काम मोठें आहे, आणि तें मागणारे तुलनेनें थोडे आहेत.

ह्या उत्तरांतील पहिला भाग खरा मानावा लागेल. प्रत्येक जुनी सोय कोणीतरी सांभाळावी लागते, दर बदलानंतर तपासावी लागते, आणि चोरवाटा राहतात त्याही बहुधां कोणी फारसें न पाहणाऱ्या जुन्या भागांतच. कांहीं टाकल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं, हें ॲपलनेंही २०१९ सालीं कॅटॅलिना आवृत्तींतून जुन्या ३२-बिटी कार्यक्रमांना एकदम रजा देऊन दाखविलें. दुसरा भाग मात्र पटत नाहीं. मोजणीनें किती माणसें हें कळतें; त्यांचें किती अडतें हें कळत नाहीं. जिन्याच्या कठड्याला धरून चढणारे मोजले तर शंभरांत थोडेच भरतील, आणि कठडा काढला तर त्या थोड्यांपैकीं बहुतेकांना वर जातां येणार नाहीं. शिवाय प्रत्येक सोय थोड्यांचीच असली तरी ते थोडे दर वेळीं निरनिराळे असतात. अशा दहा सोयी काढल्या म्हणजे कोणाची एक, कोणाची दुसरी, असें करीत करीत बहुसंख्यांचें कांहींतरी गेलेलें असतें. तक्त्यांत मात्र दहाही ठिकाणीं अल्पसंख्यच दिसतात.

न पटलें तर जुनीच प्रणाली वापरावी, हा सल्ला ऐकावयास सोपा आहे. विंडोज एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबली, सातव्या आवृत्तीची १४ जानेवारी २०२० रोजीं, आणि दहाव्या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. दुरुस्ती थांबलेल्या प्रणालीवरून बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कडी मोडलेल्या दारामागें निजणें होय. अकराव्या आवृत्तीला तर टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची व्यवस्था यंत्रांत असावी लागते. ती नसलेलीं, एरवीं धडधाकट यंत्रें तिच्या दृष्टीनें बाद ठरलीं. घर सोडावयाचें कीं नाहीं हें भाडेकरूनें ठरवावयाचें असतें तर गोष्ट वेगळी होती.

लिनक्सच्या जगांत हाच तंटा झाला, पण त्याचा शेवट निराळा झाला. त्या प्रणालीवर ग्नोम नांवाची एक लोकप्रिय दर्शनी मांडणी आहे. एप्रिल २०११ मध्यें तिची तिसरी आवृत्ति निघाली, तींत खिडकी खालीं दडविण्याचें व मोठी करण्याचें अशीं दोन्ही बटणें काढलेलीं होतीं. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स ह्यांनींही त्याच वर्षीं तिच्यावर जाहीर टीका केली आणि ते दुसऱ्या मांडणीकडे वळले. परंतु ग्नोमचा मूळ मजकूर कोणालाही घेऊन चालवितां येण्याजोगा होता. आर्जेंटिनांतील एका वापरकर्त्यानें जुन्या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर घेऊन तो जिवंत ठेवला, आणि दक्षिण अमेरिकेंत पितात त्या चहासारख्या पेयावरून त्याचें नांव ‘माते’ असें ठेविलें. कारागिरानें टाकून दिलेलें अवजार गिऱ्हाइकांनींच धार लावून चालू ठेवावें, असा हा प्रकार. विंडोजच्या गिऱ्हाइकाला ही मुभा नाहीं. त्याचा मजकूर कुलुपांत असतो.

तेव्हां घरीं प्रणाली बदलून देणाऱ्यानें निदान एक करावें. बदलण्यापूर्वीं एक सकाळ वडिलांच्या किंवा आईच्या शेजारीं बसून त्यांचे हात कोठें कोठें जातात हें नुसतें पाहावें. विचारून उपयोग होत नाहीं. त्यांना तें सांगतां येत नाहीं. मग नव्या प्रणालींत त्यांपैकीं काय सरकलें आहे आणि काय खरोखरच गेलें आहे, हें वेगळें काढावें. दहावीवरून अकरावी चढविल्यास सामान्यतः दहा दिवसांच्या आंत परत फिरतां येतें. पंधरवड्यांत सवय होते असें म्हणणाऱ्यांनीं ही दहा दिवसांची मुदत ध्यानांत ठेवलेली बरी.

मराठी छापखान्यांत तर जें मागें राहतें तें एखादें बटण नसून सबंध मजकूर असतो. देवनागरीला युनिकोड ह्या जागतिक संकेतांत १९९१ सालीं स्थान मिळालें, आणि विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीपासून ती प्रणालींतच लिहितां-वाचतां येऊं लागली. पण त्याआधींपासून छपाईचा मजकूर ज्या फॉन्टांत जुळविला जाई, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर असा मजकूर उघडला तर निरर्थक इंग्रजी चिन्हांचा सडा दिसतो. पानें लावण्याचें काम पेजमेकरवर चाले, आणि त्याची २००१ सालची सातवी आवृत्ति शेवटची ठरली. कांहीं कार्यक्रमांना यंत्राच्या पाठीमागें डोंगल लावावा लागे. तो ज्या खांचेंत बसे ती खांच नव्या यंत्रांना सहसा नसते. अकरावें विंडोज ६४-बिटीच असल्यामुळें जुने १६-बिटी कार्यक्रम त्यावर चालतच नाहींत.

जुना मजकूर युनिकोडमध्यें उतरविणारे कार्यक्रम मिळतात. परंतु जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधीं टंकलेली असते, युनिकोडमध्यें ती व्यंजनानंतर येते. रफार जुन्या पद्धतींत अक्षर झाल्यावर चढवीत, युनिकोडमध्यें त्याचा र आधीं लागतो. जोडाक्षर लांबलें कीं यंत्राचा गोंधळ उडतो. म्हणून कांहीं छापखान्यांतून एक जुनें यंत्र जुन्या प्रणालीसह, इंटरनेटला न जोडतां, कोपऱ्यांत चालू ठेवलेलें असतें. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं जुळविलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ति काढावयाची झाली कीं तें सुरू होतें, मजकूर नव्या यंत्रावर येतो, आणि मुद्रितशोधक जुनी छापील प्रत शेजारीं ठेवून पहिल्या पानापासून पुन्हां वाचावयास बसतो.