टाके निघाले, आता हात

सोयाबीनची सोंगणी आली की आपल्या रिसोड भागात घरोघरच्या बाया विळा घेऊन शेतात असतात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेली बाईही त्या ओळीत बसायला बघते, कारण टाके निघाले म्हणजे ती बरी झाली, असं घरानं धरलेलं असतं आणि तिनंही. जखमेची चौकशी सगळे करतात. मला आज तिच्या हाताबद्दल बोलायचं आहे.

स्तनातली गाठ काढताना काखेतल्या ग्रंथीही काढून तपासतात. हातातलं पाणी परत वाहून नेणारी वाट त्या ग्रंथींमधूनच जाते. जास्त ग्रंथी निघाल्या आणि वर काखेला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावा लागला, तर ती वाट अरुंद होते. हात जड वाटतो, बांगडी रुतते, पोलक्याची बाही एकाच बाजूला घट्ट होते. ही सूज काही महिन्यांनी येते, कधी काही वर्षांनीही. सुरुवातीलाच दाखवली तर ती आटोक्यात ठेवता येते. वर्षभर अंगावर काढली तर फार अवघड होते.

ऑपरेशननंतर बाई हात पोटाशी धरून बसते. मीही बसायचे, दुखेल या भीतीनं. पण तसा धरून ठेवला की खांदा आखडतो, आणि शेक घेताना तर हात डोक्याच्या वर ठेवून निजावं लागतं. म्हणून डॉक्टर दुसऱ्या दिवसापासूनच मूठ उघडायला-मिटायला, कोपर वाकवायला सांगतात. जखमेतली नळी निघाली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं हळूहळू वर चालवत न्यायची. जिथवर पोचली तिथं कोळशानं खूण करायची. स्वतःची वेणी स्वतः घालणं हाही व्यायामच.

मग काम? पूर्वी सांगत, त्या हातानं जन्मभर जड उचलू नका. 2009 साली अमेरिकेत हात सुजलेल्या 141 बायांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, थोडं थोडं वाढवत वजन उचलल्यानं त्यांची सूज वाढली नाही. म्हणजे हात निकामी झालेला नाही, त्याला सवय लावावी लागते. पण सोंगणी ही सवय नव्हे, दिवसभराची ओढ आहे. शिवाय विळ्याचा काप, धसकट, कपाशीच्या बोंडाचा ओरखडा. त्या हाताला जखम झाली तर लगेच साबणानं धुवा. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. केमो चालू असताना ताप 100.4 अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. केमोत केस जातात, ते पुन्हा येतात. ताप मात्र थांबत नाही.

रिसोडला रेल्वे नाही. उपचारासाठी वाशीम नाहीतर अकोला गाठून पुढं जावं लागतं. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी. परळचं टाटा रुग्णालय 1941 पासून उभं आहे, आणि तिथल्या रुग्णांना दादरला आसरा देते ती आपल्या विदर्भातल्या, शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा.

घरच्या माणसांना माझी विनंती आहे. हा आजार शिवल्यानं होत नाही. तिचं ताट-वाटी वेगळं करू नका. या हंगामात तिच्या हाती विळा देऊ नका, मजुरांच्या हजेरीची वही द्या. तिला घरातलं कामाचं माणूस म्हणून राहायचं आहे. आणि पुढच्या तपासणीची तारीख आली की तिला एकटीला बसमध्ये बसवून देऊ नका, घरातल्या कोणीतरी तिच्यासोबत जा.