मामाआजोबांचं लॉगबुक



जुन्या शहरातलं आमचं घर रिकामं करताना आईच्या मामांची पेटी निघाली. आत चामड्याची टोपी, तडकलेला गॉगल आणि एक लॉगबुक. दुसऱ्या महायुद्धात ते हैदराबादच्या बेगमपेठला विमान शिकवत. ‘लढाईत गेले, पण गोळी झाडली नाही,’ असं घरात चिडवायचे त्यांना. मीही हसलेय.

शिवणीचा आपला विमानतळ १९४३ सालचा. म्हणून आधी ‘अकोला’ शोधलं. कुठेच नाही!

बेगमपेठला नवशिके टायगर मॉथवर शिकत. उघडं, दोन जागांचं विमान. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे, बोलायला मध्ये एक नळी. लॉगबुकात तारीख, विमान, विद्यार्थ्याचं आडनाव, धडा, वेळ. लॉग वाचणं माझं रोजचंच काम, तरी एक गोष्ट कळेना. एकच आडनाव ओळीनं येतं, अर्धा तास, पाऊण तास. मग एके दिवशी जेमतेम दहा मिनिटं, आणि पुढची ओळ दुसऱ्याच पोराची.

त्या दोन ओळींच्या मध्ये मामाआजोबा विमानातून उतरलेले असत. पोरगा पहिल्यांदा एकटा उडे. तेव्हाही तो मागेच बसे, पुढची जागा रिकामी. मामाआजोबा खाली मैदानात, आभाळाकडे बघत. जो विमानात नाही, त्याच्या लॉगबुकात ते उड्डाण कसं येणार?

मग अशा दहा मिनिटांच्या ओळींवर पेन्सिलीनं खुणा करत गेले. १९ भरल्या.