दूरदेशांची ओळख आणि आपली कपाशी



या वसंतातल्या व्याख्यानांना आपण वर्षानुवर्षे येता आणि विद्वानांची भाषणे ऐकता. आम्ही विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा भूगोलाचे प्राध्यापक बोलतील तसे शास्त्रोक्त बोलणे आमच्याकडून होणार नाही. पण जगातल्या इतर प्रदेशांची आपल्याला कितपत ओळख आहे, हा प्रश्न काही एकट्या प्राध्यापकांचा नाही. ज्याच्या घरात कापूस पिकतो, ज्याचा मुलगा परदेशी कामाला जातो, ज्याची मजुरी बाजारभावावर हलते, त्याचाही तो आहे.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही जगाचा एक नकाशा टांगतो. त्यावर देशांच्या सीमा आहेत, नावे नाहीत. मग विचारतो, ब्राझील दाखवा, सुदान दाखवा, इराण दाखवा. दहावी झालेली पोरेही बोट हवेत फिरवत राहतात. इंग्लंड आणि अमेरिका बहुतेकांना सापडतात. आफ्रिका हा एकच देश आहे असे समजून बोलणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक त्या खंडातले ५४ देश संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य आहेत. आखातातले सगळे आपल्या लेखी 'अरब'. पण इराणची राजभाषा फार्सी आहे आणि तिथल्या बहुसंख्य लोकांना अरब म्हटलेले रुचत नाही. दूरचे कशाला, मणिपूरचा मुलगा आपल्या स्टेशनवर उतरला तर त्याला आपण 'चिनी' म्हणतो. तो तर आपल्याच प्रजासत्ताकाचा नागरिक!

यात नकाशाचाही थोडा दोष आहे. शाळेच्या भिंतीवर बहुधा जो नकाशा असतो त्यात ध्रुवाकडचे प्रदेश फुगतात. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीचे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट आणि आपल्या भारताच्या सुमारे नऊ पट मोठी आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की कुठेतरी खोट येतेच. ती खोट ठाऊक असली म्हणजे झाले.

कोणी म्हणेल, ग्रीनलंड लहान असो की मोठे, चाळीसगावच्या माणसाला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या खानदेशाच्याच इतिहासात सापडते.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले. भांडणाच्या मुळाशी गुलामगिरी होती. दक्षिणेत गुलामांच्या श्रमावर कापूस पिकत होता आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस तिथून घेत होत्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली आणि गिरण्यांचा कच्चा माल तुटला. मग त्यांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. भाव चढले. मुंबईत पैशाचा पूर आला आणि खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कपाशीचा पेरा वाढला. त्या काळी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या गोष्टी सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, पैसा आला एवढे खरे. रेल्वेही याच वर्षांत नाशिककडून आपल्या भागात शिरली. पण थळ घाटातला मार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला, तोवर माल घाटाखाली बैलगाड्यांनी उतरत असे.

आणि तो मार्ग खुला होतो न होतो तोच, १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या, बँका बुडाल्या. दख्खनच्या खेड्यांत सावकाराचे खाते मात्र तसेच राहिले. चढत्या भावावर काढलेले कर्ज उतरत्या भावात फेडायचे, याचा अर्थ कास्तकाराला कोणी समजावून सांगायला नको.

आता यातली विषमता पाहा. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी १८५७ मध्येच कापूस पुरवठ्यासाठी एक संघ स्थापन केला होता. जगात कोठे कोणती जमीन आहे, कोठे पाऊस किती, कोठे रस्ता नाही, याची ते बारकाईने चौकशी करीत. युद्ध सुरू होण्याच्या चार वर्षे आधीपासून त्यांना काळजी होती, कारण त्यांच्यापाशी नकाशा होता. गिरणा-तितूरच्या काठच्या शेतकऱ्याला मात्र भाव का चढला हे कळले नाही आणि का पडला हेही कळले नाही. त्याच्या दृष्टीने तो पावसासारखा वरून आला आणि गेला. ज्याला दूरचा प्रदेश ठाऊक असतो तो सौदा करतो. ज्याला तो ठाऊक नसतो त्याच्यावर सौदा लादला जातो. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे.

तरी पण अज्ञान एकाच बाजूला होते असे मात्र नव्हे. आपला कापूस लँकेशायरला पोचला तो 'सुरत' या नावाने. खानदेशचा असो, वऱ्हाडचा असो, तिकडे सगळा 'सुरत'च. हा देशी कापूस आखूड धाग्याचा, आणि व्यापारात हात बदलता बदलता त्यात सरकी, पाला, माती मिसळलेली. साच्यावर तो सारखा तुटे. तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराची त्यामुळे कमाई बुडे. होता होता लँकेशायरमध्ये 'सुरत' हा शब्द टाकाऊ मालासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. त्या कामगाराला हे ठाऊक नव्हते की हा कापूस वेगळ्या जातीचाच आहे, आणि पिकविणाऱ्याने माती मिसळली असेलच असे नाही. दोन्ही टोकांना कष्टकरी होते, एक वेचणारा आणि एक विणणारा. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मधले ज्यांना दोघांचाही पत्ता होता, त्यांनी आपले साधून घेतले.

त्याच लँकेशायरच्या कामगारांची दुसरी गोष्ट आम्ही आमच्या सभांतून नेहमी सांगतो. १८६२ च्या अखेरीस तिथे सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. इंग्लंडने दक्षिणेची बाजू घ्यावी, नाकेबंदी मोडावी, म्हणजे कापूस येईल, असे सांगणारे पुष्कळ होते. अशा वेळी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. आमची चूल विझली तरी चालेल, पण गुलामांच्या बाजारावर ती पेटू नये, असा त्याचा भाव होता. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने त्यांना उत्तर लिहून त्यांच्या धैर्याचा गौरव केला. तिकडचे सगळेच कामगार एकमताचे होते असे नव्हे. भूक कोणालाही एकमताचे राहू देत नाही. पण सभेला जमलेल्यांना, आपल्या साच्यावरचा धागा समुद्रापलीकडे कोणाच्या हातांनी वेचला जातो, हे ठाऊक होते. भूगोल कळला म्हणून माणुसकी जागी झाली.

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही एक माणूस होता. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अर्पण केला गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. ज्या युद्धातून खानदेशाला दोन-चार वर्षांचा भाव मिळाला, त्याच युद्धातून जोतीरावांना आपल्या शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा दाखला मिळाला. ते अमेरिकेला गेले नव्हते. त्यांनी वाचले आणि तिथल्या माणसाच्या जागी आपला माणूस ठेवून पाहिला. दूरदेशाची ओळख ती हीच.

आता आजच्या काळाकडे येऊ. आज आपल्या शिवारात बहुतेक जी कपाशी उभी असते ती मुळात मेक्सिकोकडच्या जातीची आहे, त्या आखूड धाग्याच्या देशी जातीची नव्हे. ब्राझीलच्या मातो ग्रोसो प्रांतात सोयाबीन काढून जानेवारी-फेब्रुवारीत कपाशी पेरतात आणि जून ते सप्टेंबरमध्ये यंत्राने वेचतात. तिथे हजारो हेक्टरांचे एकेक शेत असते. आपल्याकडे बाया किलोच्या दराने हाताने वेचतात, आणि तीही दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे आपले बोंड फुटण्याआधी ब्राझीलच्या गाठी बाजारात आलेल्या असतात. २०२३-२४ च्या हंगामात कापसाच्या निर्यातीत ब्राझीलने अमेरिकेला मागे टाकले. आपला कापूस आणि सूत घेणाऱ्यांत बांगलादेश मोठा. तिथल्या शिलाई कारखान्यांत काय चालले आहे याचा वारा आपल्या जिनिंगपर्यंत येतो. मार्च २०२१ मध्ये एक अजस्र जहाज सुवेझच्या कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपली जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून नेली. १८६९ मध्ये सुवेझ खुला होण्याआधी आपल्या कापसाच्या गाठी त्याच वाटेने लिव्हरपूलला जात.

आपल्या जिल्ह्याचे दुसरे पीक केळी. केळीच्या उत्पादनात भारत जगात पहिला. निर्यातीत पहिला मात्र इक्वेडोर. रावेर-यावलकडे गेलात तर मजुरांना विचारून पाहा, कोलंबिया नावाच्या देशात १९२८ साली काय घडले ते ठाऊक आहे का? तिथल्या केळीच्या मळ्यांतील मजुरांनी अमेरिकन कंपनीविरुद्ध संप केला. त्यांना कुपनांऐवजी रोख पगार हवा होता, आठवड्यात एक सुटी हवी होती. डिसेंबरच्या आरंभी सिएनागा गावात सरकारी फौजेने जमावावर गोळ्या झाडल्या. किती माणसे मेली याचा आकडा आजही वादात आहे. घड तोच, खांदा तसाच. पण आपल्याकडे त्याची वार्ता नाही.

मग करावे काय? मोठी पुस्तके सर्वांनाच वाचायला वेळ नाही, हे आम्ही जाणतो. पण घरात जगाचा एक नकाशा लावता येईल. वर्तमानपत्रात गावाचे नाव आले की बोट ठेवून ते शोधावे. तिथे काय पिकते, कष्ट कोण करतो, माल कोण घेतो, एवढे तरी विचारावे. आखातातून परतलेला आपला मुलगा घड्याळ आणि अत्तर घेऊन येतो; त्याला तिथला उन्हाळा, तिथली कोठडी, शेजारच्या खाटेवरचा नेपाळी वा सुदानी माणूस कसा होता, हे विचारावे. त्याच्याइतका चांगला भूगोलाचा मास्तर गावात दुसरा नाही, आणि आपण त्याला फक्त पगार विचारतो.

शेवटी आपल्या तालुक्यातलीच एक गोष्ट. पाटण्याला पाटणादेवीच्या दर्शनाला आपण सगळे जातो. तिथला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची आणि त्या मठाला इ. स. १२०७ च्या सुमारास दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या डोंगराच्या पायथ्याशी पृथ्वी गोल आहे असे मुले शिकत होती. याचा नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. आचार्यांच्या ग्रंथात गोलाचे गणित चोख आहे, पण दूरच्या द्वीपांचे वर्णन आले की तिथे दुधाचे आणि दह्याचे समुद्र येतात. कारण तिथे कोणी जाऊन आलेले नव्हते. मात्र एक विचार त्यांनी असा मांडला आहे की तो आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. माणूस पृथ्वीवर जेथे उभा असतो तेथे त्याला वाटते की पृथ्वी आपल्या पायाखाली आणि आपण तिच्या माथ्यावर. पलीकडच्या बाजूचे लोक आपल्याला उलटे लोंबकळत असल्यासारखे वाटतात. पण ते तिथे आपल्याइतकेच स्वस्थ उभे असतात.

मातो ग्रोसोचा ट्रॅक्टरवाला, ढाक्याची शिलाई करणारी बाई, इक्वेडोरचा घड वाहणारा, सगळे आपापल्या जागी माथ्यावरच उभे आहेत. आपण एकटेच माथ्यावर नाही, आणि कोणाच्या पायाखालीही नाही, एवढे ध्यानी घेऊन आपण जगाकडे पाहू लागलो, तर भाव कोण ठरवतो हे आपल्याला विचारता येईल, आणि तो प्रश्न विचारताना सोबतीला कोण उभे राहील हेही कळेल.