आईकडचा वारसा आणि प्रोस्टेटचा कर्करोग

रात्री दोनला मोरीचा दिवा लागतो. लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो, मग थेंब थेंब. अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा उठावं लागतं. श्रोतेहो, जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं निवृत्त रेल्वेवाल्याचं घर असो की पुण्यातला वाडा, साठीनंतर हे चित्र फार ठिकाणी दिसतं आणि ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. बहुतेकदा ही प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढच असते. कर्करोग मात्र सुरुवातीला सहसा काहीच त्रास देत नाही, हीच खरी अडचण.

प्रोस्टेटची निरोगी पेशी मोठी वेगळी. ती जस्त साठवते. त्या जस्तामुळे सायट्रेट पेशीत जळत नाही, ते वीर्यात उतरतं. पेशी कर्करोगाकडे वळली की जस्त घटतं आणि तेच सायट्रेट इंधन म्हणून जळू लागतं. हे ज्वलन होतं पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात.

मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो: 16,569 अक्षरं, 37 जनुकं. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तो 1981 साली पूर्ण वाचला. 2005 मध्ये अमेरिकन संशोधकांना प्रोस्टेट कर्करोगाच्या 11 ते 12 टक्के रुग्णांत त्यातल्या एका जनुकात महत्त्वाचे बदल आढळले. कर्करोग नसलेल्या पुरुषांत हे प्रमाण 2 टक्क्यांहून कमी होतं. याच डीएनएतला एक घातक बदल असलेल्या कर्कपेशी उंदरांत सोडल्या, तेव्हा गाठी सातपट मोठ्या झाल्या. 2017 मध्ये 384 रुग्णांच्या गाठी तपासल्यावर या डीएनएतल्या काही बदलांचा संबंध आजाराच्या आक्रमकपणाशी दिसला.

हा डीएनए आईकडून येतो, हे कळलं की घरात लगेच आजोळचं नाव निघतं. ते चूक आहे. काही बदल जन्मतः असतात, पण बरेचसे त्या ग्रंथीतच, वाढत्या वयात घडतात. आजोळची चौकशी करायची ती दुसऱ्या कारणासाठी. प्रोस्टेट, स्तन आणि बीजकोश यांच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए-2 या जनुकातला दोष वडिलांप्रमाणे आईकडूनही येऊ शकतो. म्हणून वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता का, हे डॉक्टरांना सांगावं. तसंच आईला, मावशीला स्तनाचा किंवा बीजकोशाचा झाला होता का, हेही. पुरुषमंडळी दुसरी गोष्ट हमखास विसरतात.

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची तपासणी अजून रोजच्या निदानात वापरली जात नाही, त्यासाठी पैसे घालवू नयेत. जस्ताच्या गोळ्यांनीही हा रोग टळत नाही. त्या स्वतःच्या मनाने, मोठ्या मात्रेत घेणं तर धोक्याचंच.

पन्नाशीनंतर, आणि घरात इतिहास असेल तर पंचेचाळीसपासून, पीएसए या रक्ततपासणीबद्दल मूत्ररोगतज्ज्ञांशी बोलावं. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असं नाही. लघवीच्या जंतुसंसर्गानेही तो चढतो. संसर्ग असेल तर आधी तो बरा करावा आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा द्यावं. लघवीतून रक्त गेलं, तर मात्र एक दिवसही थांबू नये.