आपले नाव कोणी ठेवायचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला पंधरा मिनिटे दिली आहेत. आम्ही प्राध्यापक नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे वाचन गिरणीच्या जिन्यावर, जेवणाच्या सुट्टीत झाले. बोलण्यात कमीजास्त झाले तर पदरात घ्या.

आमची धाकटी मुलगी कॉलेजचा फॉर्म भरत होती. तिने विचारले, "बाबा, धर्म बौद्ध लिहिला. मग जात काय लिहू? आणि मैत्रिणींनी विचारलं तर दलित म्हणू की बौद्ध म्हणू?" आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे चळवळीत घालवली, आणि पोरीच्या प्रश्नाला गप्प बसलो. म्हणून आज हा विषय घेतला.

अस्पृश्य, अंत्यज, अतिशूद्र, डिप्रेस्ड क्लास, हरिजन. इतकी नावे आपल्याला पडली, आणि बहुतेक दुसऱ्यांनी ठेवली. कोणी म्हणेल, नावात काय आहे? त्याला आम्ही गिरणीतली गोष्ट सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातून सूत ओढायला तोंड लावावे लागे, आणि आपला उष्टा धोटा इतरांना चालत नसे. पगार मात्र साचेखात्यात जास्त. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडली होती. आमचे आजोबा त्रासनखात्यातच म्हातारे झाले. म्हणजे नावावरून खाते ठरत होते आणि खात्यावरून पगार.

बाबासाहेबांनी १९२४ साली सभा काढली, तिचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२७ साली पत्र काढले, 'बहिष्कृत भारत'. आता हा शब्द नीट बघा. अस्पृश्य म्हटले की दोष जणू आमच्या अंगात. बहिष्कृत म्हटले की लगेच प्रश्न येतो, बहिष्कार टाकला कोणी? दलित शब्दाचेही तसेच. भरडलेला म्हटले की जाते फिरवणारा हात शोधावा लागतो. पुढे १९३१ साली गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी लेखी मागणी केली, की 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव आम्हाला कमीपणा आणणारे आहे, ते बदला. घटनात्मक हक्कांची एवढी मोठी लढाई चालू असताना त्यांना नावाचा मुद्दा किरकोळ वाटला नाही.

हरिजन शब्द गांधीजींनी १९३२ पासून चालवला. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधिमंडळात तो कायद्यात घालायचे ठरले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि बाबासाहेब आपल्या आमदारांसह सभागृह सोडून बाहेर पडले. १९८२ साली केंद्र सरकारनेही परिपत्रक काढून हा शब्द वापरू नका म्हणून सांगितले. पण परिपत्रक गिरणीपर्यंत कुठले पोचायला! आम्ही बदली कामगार असताना आमचा मुकादम सगळ्यांपुढे म्हणायचा, "हा हरिजन पोरगा कामाला चांगला." चार वेळा समजावले. त्याचे म्हणणे, अरे, देवाची माणसे म्हणतो, वाईट काय आहे त्यात? पाचव्या वेळी आम्ही त्याला हाक मारली, "ओ हरिजन मुकादम!" त्यानंतर आठ दिवस आम्हाला बदली मिळाली नाही.

अनुसूचित जाती हे कायद्याचे नाव. १९३५ चा कायदा आला, १९३६ ला यादी निघाली. अनुसूची म्हणजे यादी. त्या शब्दात शिवी नाही आणि मायाही नाही, रेशनकार्डासारखा तो कामाचा शब्द आहे. तो सांभाळून ठेवायचा.

खरा घोळ झाला १९५६ नंतर. नागपूरला १४ ऑक्टोबरला आपण बौद्ध झालो. पण १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश असा होता, की हिंदू असेल तोच अनुसूचित. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्रात मात्र दार बंद. आमचे चुलते केंद्र सरकारच्या एका खात्यात शिपाई होते. घरात बुद्धाची मूर्ती, रोज त्रिशरण-पंचशील, आणि कागदावर 'हिंदू महार'. दर वेळी सही करताना हात जड होतो, असे ते म्हणायचे. १९९० साली कायदा बदलला आणि बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला. तोवर चुलते निवृत्त झाले होते.

आणि हे 'नवबौद्ध' काय आहे? नवी नवरी किती दिवस नवी? दीक्षेला पासष्टच्या वर वर्षे झाली, तिसरी-चौथी पिढी बौद्ध म्हणून जन्मली, तरी फॉर्मवर आपण नवेच!

आता आमच्या गावची गोष्ट. कोकणात आमच्या वडीलधाऱ्यांनी महारवाडी हे नाव टाकून बौद्धवाडी केले. स्वतः पाटी रंगवली. गावाने पाच-सहा वर्षे ते नाव तोंडात घेतले नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. पण त्या नावांत महारवाडा, मांगवाडा यांच्या रांगेत बौद्धवाडाही होता. आम्ही चिडलो. बौद्ध ही जात कधी झाली? मग मनाशी विचार केला. एस.टी.त कंडक्टर "बौद्धवाडी कोण?" म्हणून ओरडतो, तेव्हा मागच्या बाकावरचे लोक वळून का बघतात? नाव आपण बदलले, त्यांनी त्यात जुनेच ऐकले. मग आपण ते नावही सोडायचे काय? आमचे मत, नाही. वडिलांनी स्वतः लावलेली पाटी आहे ती.

दलित शब्दाबद्दल आपल्या विहारातच दोन मते आहेत. काही उपासक म्हणतात, आम्ही बौद्ध झालो, आता दलित कशाला? त्यांचे दुःख आम्हाला कळते. पण १९७२ साली दलित पँथर निघाली, पुढच्या वर्षी तिचा जाहीरनामा आला, त्यात दलित म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया असे सगळे धरले होते. मातंग, चर्मकार बांधवांबरोबर मोर्चात उभे राहताना आम्हाला तो शब्द लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने वाहिन्यांना दलित शब्द टाळण्याचा सल्ला दिला, तो आम्हाला पटला नाही. कागदावर अनुसूचित लिहा, हरकत नाही. रस्त्यावर काय म्हणायचे ते आम्ही ठरवू.

तर पोरी, तुझे उत्तर. धर्म बौद्ध. जात, यादीत आहे तीच, कारण हक्क त्या यादीवर आहे. मैत्रिणीला बौद्ध सांग. आणि कुठे अन्याय झाला तर दलित म्हणून उभी राहा.

माता-भगिनींनो, २०११ च्या जनगणनेत देशात बौद्ध ८४ लाख निघाले, त्यातले ६५ लाख आपल्या महाराष्ट्रात. आमच्या चाळीतल्या काही घरांनी तेव्हाही सवलत जाईल या भीतीने हिंदू लिहिले. १९९० नंतर त्या भीतीला कारण नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जनगणनेत जातही मोजायचे ठरवले आहे, आणि ही गणना २०२७ ची. दर रविवारी वंदनेनंतर आपल्या दोन शिकलेल्या मुली विहारात बसतील. घरातल्या सगळ्यांचे शाळेचे आणि जातीचे दाखले घेऊन या. म्हाताऱ्यांचे आधी आणा, त्यांच्याच दाखल्यांत जास्त घोळ आहे.

जयभीम!