मासे सगळ्यात शेवटी



जुन्या बंगल्याच्या बागेत, शाळेच्या आवारात, एखाद्या सोसायटीच्या कोपऱ्यात सिमेंटचा हौद असतो. कधीकाळी त्यात कुमुदं फुलायची, मासे फिरायचे. मग लक्ष देणारं माणूस राहिलं नाही. पाला साचला, पाणी हिरवं झालं, वास यायला लागला. पावसाळा तोंडावर आला की सभेत ठराव येतो, "डास होतात. माती टाकून बुजवून टाका, वर कुंड्या ठेवू."

आज मला त्या हौदाची बाजू मांडायची आहे. डास होतात ते हौदात जीव उरला नाही म्हणून. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून उडता डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण ज्या पाण्यात मासे आहेत, चतुरांची पिल्लं आहेत, तिथे अळ्यांना तेवढे दिवस मिळतच नाहीत. आणि डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यातही वाढतो. म्हणून हौद बुजवून प्रश्न सुटत नाही. त्यात पुन्हा जीव आणला पाहिजे.

यात घात करते ती घाई. रविवारी सगळं पाणी उपसायचं, भिंती अ‍ॅसिडने घासून लख्ख करायच्या, नळ सोडायचा आणि संध्याकाळी मासे आणून सोडायचे. आठवड्याभरात ते मासे मरतात आणि दोष हौदाला लागतो.

खरं कारण डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. तो त्यांना विषारी असतो. हौदाच्या भिंतींवर, खड्यांवर, मुळांवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात. तेही घातकच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणवनस्पती ते खाऊन वाढतात. ही साखळी नव्याने बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. भिंत घासून लख्ख केली की आपण नेमके हेच कामकरी हाकलून देतो. त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं आणि माशांच्या कल्ल्यांनाही जाळतं.

तेव्हा सावकाश सुरुवात करू या. थंडी ओसरली की पावसाळ्याला अजून तीन-चार महिने असतात. या कामाला हेच दिवस चांगले.

आधी हौद गळतो का ते पाहा. पाण्याच्या पातळीवर भिंतीला खडूने खूण करा आणि शेजारी उन्हात पाण्याने भरलेली बादली ठेवा. हौदातलं पाणी बादलीपेक्षा भराभर उतरलं, तर गळती आहे. भर घालणं थांबवा. जिथे पातळी येऊन थबकेल, त्याच उंचीवर चीर शोधा.

मग गाळ. तळाशी काळा, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा थर असतो. तिथे प्राणवायू पोचलेला नसतो. काठीने तो ढवळू नका, नाहीतर जे काही मासे तगून राहिले असतील तेही गुदमरतील. आधी त्यांना जाळीने काढून हौदाच्याच पाण्यात, सावलीतल्या टबात ठेवा. टबावर जाळी टाका. थोडं जुनं पाणी पिंपात राखून ठेवा. मग गाळ घमेल्याने उचला आणि रात्रभर काठावरच राहू द्या. जवळ बसून पाहा. त्या काळ्या चिखलातून गोगलगायी सरकत बाहेर येतात, चतुराचं मातकट रंगाचं पिल्लू सहा पायांवर पाण्याकडे चालू लागतं. त्यांना परत जाऊ द्या, हे हौदाचे जुने रहिवासी आहेत. दुसऱ्या दिवशी गाळ झाडांच्या आळ्यात घाला, उत्तम खत होतं.

चीर सिमेंटने बुजवली असेल, तर ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. चार-पाच दिवस पाणी भरून ठेवून ओतून द्या. असं तीन-चारदा करा. शेवटचं पाणी भरलं की दोन दिवस उघडं राहू द्या म्हणजे क्लोरीन उडून जाईल, मग राखलेलं जुनं पाणी त्यात मिसळा.

आता वनस्पती. कुमुद कुंडीत लावा, मातीवर वाळूचा थर द्या. निम्म्याहून अधिक पाणी पानांच्या सावलीत आलं पाहिजे. जलपर्णी मात्र आणू नका, ती सगळा हौद गिळते. दोन-तीन आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवं होईल. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि हौद परत रिकामा होतो. तसं करू नका. मुळं धरली की वनस्पती शेवाळाचं अन्न खातात आणि पाणी आपोआप निवळतं.

मासे सगळ्यात शेवटी, आणि तेही पाच-सहाच. पाण्याचं तापमान 20 अंश असताना एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात आधीच तुटवडा, त्यात रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत असतील, तर गर्दी झाली आहे असं समजा. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

डासांच्या अळ्यांसाठी गप्पी चालतात, पण ते मूळ दक्षिण अमेरिकेकडचे. त्यांची पिल्लं ओढ्या-नदीत कधीही सोडू नका. त्यांच्याऐवजी आपल्याकडची दांडवण ही मासळी आहे. कोकणातल्या ओढ्यांत सापडणारा, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला अप्लोकायलस आहे. तोही पृष्ठभागाशी राहून अळ्या टिपतो.

श्रोतेहो, या सगळ्यात खर्च थोडा आहे, लागतो तो वेळ. तुमच्या सभेत हौद बुजवण्याचा विषय निघाला, तर उभे राहा आणि एका वर्षाची मुदत मागा. चार शेजारी आणि शाळकरी पोरं सोबत घ्या. पुढच्या सभेत सदस्यांना हौदापाशी घेऊन जा, पाण्यात अळ्या दाखवा म्हणावं. मग मतदान होऊ द्या.